विस्थापन अभिक्रिया हाताने करून पाहताना: क्रियाशीलता श्रेणी प्रयोगातून कशी मांडायची आणि प्रयोग कुठे फसतो

क्रियाशीलता श्रेणी, म्हणजे जास्त क्रियाशील ते कमी क्रियाशील असा धातूंचा क्रम, पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. तीच श्रेणी परीक्षानळीत स्वतः सिद्ध करायला बसलात, की पहिल्याच तासाला गोंधळ उडतो. ॲल्युमिनिअम मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ढिम्म पडून राहते. चकचकीत खिळ्यावर तांबे चढत नाही. मॅग्नेशिअम भलतेच बुडबुडे सोडते. यात श्रेणीची चूक नसते. अमुक धातू तमुक धातूला त्याच्या क्षारातून बाहेर काढू शकतो का, एवढेच ती सांगते. तसे किती वेळात दिसेल आणि मध्ये काय आडवे येईल, याबद्दल ती गप्प असते. म्हणून या प्रयोगांत ‘अभिक्रिया झाली’ हे लिहिणे सोपे असते, खरा कस लागतो तो ‘अभिक्रिया झाली नाही’ असे लिहिताना.

आधी थोडा हिशेब

एकेरी विस्थापनात जास्त क्रियाशील धातू इलेक्ट्रॉन देऊन आयनाच्या रूपात द्रावणात उतरतो आणि कमी क्रियाशील धातूचे आयन तेच इलेक्ट्रॉन घेऊन घन धातू म्हणून बाहेर पडतात. एकाचे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणे) आणि दुसऱ्याचे क्षपण (इलेक्ट्रॉन घेणे) एकाच वेळी होते. क्षारातला सल्फेट किंवा नायट्रेटचा भाग बहुतेक वेळा नुसता बघ्या असतो. बहुतेक वेळा म्हणण्याचे कारण पुढे शिशाच्या ठिकाणी येईल.

श्रेणीत कोण वर, कोण खाली हे प्रमाण इलेक्ट्रोड विभवावरून कळते. आपल्या कामाचे आकडे व्होल्टमध्ये असे: मॅग्नेशिअम −२.३७, ॲल्युमिनिअम −१.६६, जस्त −०.७६, लोखंड −०.४४, कथील −०.१४, शिसे −०.१३, हायड्रोजन ०, तांबे +०.३४, चांदी +०.८०. आकडा जितका ऋण, तितका धातू इलेक्ट्रॉन सोडायला उत्सुक. दोन धातूंच्या आकड्यांतले अंतर जितके मोठे, तितकी अभिक्रिया पूर्णत्वाकडे जाते. जस्त आणि तांबे यांच्यात १.१० व्होल्टचे अंतर आहे. जस्त पुरेसे असेल तर द्रावणात तांब्याचे आयन जवळजवळ उरतच नाहीत. कथील आणि शिसे यांच्यात मात्र अवघे ०.०१ व्होल्ट आहे. द्रावणांच्या तीव्रतेत दोन-तीन पटींचा फरक पडला तरी ही जोडी उलट दिशेने चालू शकते. तेव्हा श्रेणीतल्या सगळ्याच पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत असे धरून चालू नका.

द्रावणे तयार करणे

चार धातू आणि त्यांच्या चार क्षारांची द्रावणे एवढ्यावर मुख्य प्रयोग होतो. प्रत्येक द्रावण ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) आणि १०० मिलिलिटर करा. द्रावणांची तीव्रता समान ठेवली नाही तर तुलनेला अर्थ राहत नाही. वजने अशी घ्यायची:

- मोरचूद (पाच रेणू पाण्याचे निळे स्फटिक): २.५ ग्रॅम
- झिंक सल्फेट (सात रेणू पाण्याचे): २.९ ग्रॅम
- फेरस सल्फेट म्हणजे हिराकस (सात रेणू पाण्याचे): २.८ ग्रॅम
- मॅग्नेशिअम सल्फेट (सात रेणू पाण्याचे): २.५ ग्रॅम

बाटलीवरच्या लेबलात पाण्याचे रेणू किती लिहिले आहेत ते आधी पाहा. निर्जल मोरचूद पांढरा असतो आणि तो २.५ ग्रॅम घेतला तर द्रावण दीडपट तीव्र होते. स्फटिक आधी ६०–७० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून १०० मिलिलिटरची खूण गाठा. १०० मिलिलिटर पाण्यातच क्षार टाकला तर शेवटचे आकारमान वेगळे येते.

पाणी ऊर्ध्वपातितच हवे. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइड आणि कार्बोनेटमुळे या चार द्रावणांत फारसे बिघडणार नाही, पण पुढे सिल्व्हर नायट्रेट वापरताच पांढरा धुरकटपणा येतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा अवक्षेप (न विरघळणारा गाळ) असतो, विस्थापनाशी त्याचा संबंध नाही.

हिराकसचे द्रावण सगळ्यात नाठाळ. हवेतल्या ऑक्सिजनने लोखंडाच्या फेरस (Fe²⁺) आयनांचे फेरिक (Fe³⁺) आयन होतात आणि फिकट हिरवे द्रावण काही तासांत पिवळट-तपकिरी होते. स्फटिकांवरच तपकिरी पूड दिसत असेल तर ती बाटली बाजूला ठेवा. द्रावण वापरायच्या वेळीच करा. ते टिकावे म्हणून विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकतात. त्याहून जास्त आम्ल गेले तर जस्त आणि मॅग्नेशिअम त्या आम्लाशीच झटापट करतात आणि निरीक्षण नासते.

धातूंचा पृष्ठभाग: अर्धे यश इथेच

अभिक्रिया होते ती धातूच्या पृष्ठभागावर. तिथे तेल, ऑक्साइड, लाख किंवा दुसऱ्याच धातूचा मुलामा असेल तर तुम्ही वेगळ्याच पदार्थाची परीक्षा घेत असता. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: साबणाच्या पाण्याने धुणे, बारीक पॉलिश पेपरने घासणे, ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळणे, टिपकागदाने टिपणे आणि लगेच वापरणे. घासल्यावर बोटांनी धरू नका, चिमटा वापरा.

काही धातूंच्या खोडी वेगळ्या आहेत. खिळा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर आधी जस्तच अभिक्रिया करते. तांबे चढते, निळा रंग फिका होतो, पण द्रावणात हिरवी झाक येत नाही आणि विद्यार्थी वहीत ‘लोखंड’ लिहून मोकळा होतो. स्टेनलेस स्टीलचा खिळा क्रोमिअम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे काहीच करत नाही. साधा, काळपट, न मुलामा दिलेला लोखंडी खिळा निवडा. चुंबकाने खात्री होईल असे समजू नका, कारण मुलामा दिलेला खिळाही चुंबकाला चिकटतो. मोटारीच्या गुंडाळीतली तांब्याची तार चमकते, पण तिच्यावर लाखेसारखा विद्युतरोधी लेप असतो. तो घासून काढल्याशिवाय ती तार म्हणजे प्लॅस्टिकच. मॅग्नेशिअमची फीत करडी दिसत असेल तर चांदीसारखी लकाकी येईपर्यंत घासा.

मॅग्नेशिअमची पूड या प्रयोगांत अजिबात वापरू नका. फीत पुरेशी वेगाने अभिक्रिया करते, पुडीने द्रावण उसळून अंगावर येऊ शकते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा सगळ्या प्रयोगांत हवाच.

मुख्य प्रयोग: चार गुणिले चार

सोळा छोट्या परीक्षानळ्या चार-चारच्या ओळींत मांडा. प्रत्येक ओळीत एक द्रावण, प्रत्येकी ३ मिलिलिटर. प्रत्येक स्तंभात एक धातू: मॅग्नेशिअमच्या फितीचा २ सेंटिमीटरचा तुकडा, जस्ताची बारीक पट्टी, लोखंडी खिळा, तांब्याची पट्टी. स्वतःच्याच क्षारात बुडालेल्या धातूच्या चार नळ्या बिनकामाच्या वाटतील, पण त्या ठेवाच. मॅग्नेशिअम सल्फेटमध्ये मॅग्नेशिअमने सोडलेले बुडबुडे तिथेच दिसतात आणि बुडबुडे म्हणजे विस्थापन नव्हे हे आपोआप कळते. शिवाय प्रत्येक द्रावणाची एक नळी धातूविना ठेवा, कारण रंग फिका झाला की नाही हे आठवणीवर सोडायची गोष्ट नाही. शेजारी मूळ रंगाची नळी आणि मागे पांढरा कागद असला पाहिजे.

पाहण्याच्या वेळा ठरवून घ्या: १ मिनिट, ५ मिनिटे, ३० मिनिटे. दर वेळी तीन गोष्टी नोंदवा: धातूवर बसलेला थर, द्रावणाचा रंग, वायू. ‘बदल दिसला’ असे लिहू नका, काय दिसले ते लिहा.

मोरचुदाच्या ओळीत निकाल झटपट लागतो. मॅग्नेशिअम आणि जस्तावर काही सेकंदांत काळपट-तपकिरी थर येतो. तांबे लालसर असते तर थर काळा का, हा प्रश्न हमखास येतो. घाईघाईत सुटलेल्या तांब्याचे कण इतके बारीक आणि सच्छिद्र असतात की प्रकाश त्यांच्यातच अडकतो. शिवाय पहिल्या थरात थोडे ऑक्साइडही मिसळलेले असते. लोखंडावर अभिक्रिया सावकाश होते, म्हणून तिथला थर खरा तांबूस दिसतो. मॅग्नेशिअमच्या नळीत बुडबुडेही भरपूर येतात. मोरचुदाचे द्रावण मुळात किंचित आम्लधर्मी असते आणि मॅग्नेशिअम त्या आम्लातून व पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढते. आम्लता कमी झाली की कधी कधी निळसर-हिरवा गाळ दिसतो. तो बेसिक कॉपर सल्फेटचा असतो. हे दुय्यम बदल वहीत लिहा, पण निकालात मिसळू नका.

हिराकसच्या ओळीत मॅग्नेशिअमवर काळा थर येतो. तो खरवडून कोरडा करा आणि चुंबक जवळ आणा. चिकटला तर लोखंड सुटल्याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही. झिंक सल्फेटच्या ओळीत मॅग्नेशिअमवर करडा थर चढतो.

सोळापैकी सगळ्यात दगा देणारी नळी जस्त आणि हिराकसची. विभवांतले अंतर ०.३२ व्होल्ट आहे, म्हणजे अभिक्रिया व्हायलाच हवी. पण ती मंद असते. अर्ध्या तासात जस्ताची चकाकी जाऊन गडद करडेपणा येतो आणि द्रावणाचा मुळातच फिका असलेला हिरवा रंग थोडासा उतरतो, बस. इथे बरेच जण ‘अभिक्रिया नाही’ लिहून जस्त आणि लोखंडाची अदलाबदल करून टाकतात. उपाय दोन. तसाच जस्ताचा तुकडा नुसत्या पाण्यात ठेवून दोन्ही तुकडे शेजारी धरा. आणि उलटी नळी पाहा: झिंक सल्फेटमध्ये खिळा चोवीस तासांनीही जस्ताचा थर घेत नाही. गंजाचा तपकिरी डाग येईल, त्याला फसू नका.

आता मोजा. मॅग्नेशिअमने तीन धातूंना बाहेर काढले, जस्ताने दोघांना, लोखंडाने एकाला, तांब्याने कोणालाच नाही. श्रेणी तयार झाली. सहा ‘होय’ आले नाहीत, तर श्रेणीवर शंका घेण्याआधी पृष्ठभाग तपासा.

तांब्याच्या खाली कोण, हे पाहायला सिल्व्हर नायट्रेटचे ०.०५ मोलर द्रावण लागते: ५० मिलिलिटरसाठी ०.४२ ग्रॅम. त्यातले २० मिलिलिटर घेऊन घासलेली तांब्याची तार गुंडाळी करून सोडा. काही मिनिटांत तारेवर करडी लव येते, अर्ध्या-एक तासात चांदीच्या लखलखत्या सुया वाढतात आणि पाणी हलके निळे होते. नळी हलवली की सुया गळून पडतात, म्हणून ती स्टँडमध्येच राहू द्या. तांब्याचा एक अणू चांदीचे दोन आयन सोडवतो. त्यामुळे तारेचे १ ग्रॅम तांबे विरघळले तर सुमारे ३.४ ग्रॅम चांदी बसते. हे द्रावण कातडीवर काळे डाग पाडते आणि ते कित्येक दिवस जात नाहीत. हातमोजे घाला.

ॲल्युमिनिअम: आहे तरी वर, वागते खालच्यासारखे

श्रेणीत ॲल्युमिनिअम जस्ताच्या वर आहे, तरी मोरचुदाच्या द्रावणात ते तासन्‌तास जसेच्या तसे राहते. हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर तयार होतो. पॉलिश पेपरने घासले तरी क्षणात तो पुन्हा येतो. क्लोराइडचे आयन मात्र या थराला छिद्रे पाडतात.

हे दाखवायला दोन बीकरमध्ये मोरचुदाचे ०.२ मोलर द्रावण (१०० मिलिलिटरला ५ ग्रॅम) २०-२० मिलिलिटर घ्या. एकात १ ग्रॅम साधे मीठ विरघळवा. त्याचा रंग हिरवट होईल. दोन्हींत ॲल्युमिनिअमच्या वर्खाचा ३ सेंटिमीटर बाजूचा चौकोन बुडवा. मिठाच्या बीकरमध्ये काही मिनिटांत वर्खाला भोके पडून तांबूस गाळ साचतो, बुडबुडे येतात आणि बीकर कोमट होते. दुसरे तसेच राहते. मोरचूद आणखी तीव्र करून मोठा वर्ख टाकण्याचा मोह टाळा. उष्णता इतकी निघते की थोडेसे द्रावण उकळून उडू शकते.

वेग आणि क्षमता वेगळ्या असल्याचे लिथिअमही दाखवते. त्याचे विभव −३.०४ व्होल्ट, म्हणजे सोडिअमच्या −२.७१ पेक्षा ऋण, तरी पाण्यात सोडिअमच जास्त आदळआपट करते. सोडिअमचा वितळणबिंदू ९८ अंश सेल्सिअस असल्याने ते अभिक्रियेच्या उष्णतेने वितळून गोळा होते आणि सतत ताजा पृष्ठभाग देते, लिथिअम १८१ अंशांपर्यंत वितळत नाही. जाता जाता: सोडिअम मोरचुदाच्या द्रावणात टाकले तर तांबे मिळेल, हे कागदावरचे उत्तर चुकीचे आहे. ते आधी पाण्यावरच तुटून पडते आणि तयार झालेल्या हायड्रॉक्साइडमुळे निळा कॉपर हायड्रॉक्साइडचा गाळ खाली बसतो. हा प्रयोग करायचा नाही.

शिशाची गोष्ट वेगळी. मोरचुदाच्या द्रावणात शिसे थोडीशी अभिक्रिया करून थांबते, कारण न विरघळणारे लेड सल्फेट त्याच्यावर चिलखत चढवते. बघ्या म्हटलेला सल्फेट इथे मैदानात उतरतो. कॉपर नायट्रेट वापरले की अडथळा नाहीसा होतो. शिसे विषारी असल्याने शाळेच्या टेबलावर ही जोडी न आणलेली बरी.

तराजूने समीकरण ठरवणे

लोखंड फेरस होऊन जाते की फेरिक, यावर परीक्षेत हमखास गुण जातात. वाद घालण्यापेक्षा वजन करा. १ ग्रॅम लोखंड फेरस झाले तर १.१४ ग्रॅम तांबे मिळेल, फेरिक झाले तर १.७१ ग्रॅम. फरक एवढा मोठा आहे की साधा ०.०१ ग्रॅमचा तराजू पुरतो.

६ ग्रॅम मोरचूद ५० मिलिलिटर पाण्यात घेऊन ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. १ ग्रॅम लोखंडाला साडेचार ग्रॅम पुरला असता. जास्तीचा मोरचूद मुद्दाम आहे, लोखंड उरता कामा नये. १.०० ग्रॅम बारीक, तेलविरहित लोखंडी कीस चिमूट-चिमूट टाकत ढवळा. दहा मिनिटे ढवळत राहा. द्रावण शेवटी निळसरच राहिले पाहिजे. वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा, ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा आणि शेवटी थोड्या ॲसिटोनने धुवा (जवळ ज्योत नको), मग ५०–६० अंशांवर वाळवा.

आकडा १.१४ पेक्षा कमी आला तर गाळताना तांबे सांडले असेल, किंवा किसाचा दाणा जाडा असल्याने तांब्याच्या कवचाआड लोखंड शिल्लक असेल. चुंबक फिरवा, लगेच कळेल. जास्त आला तर तांबे ओले आहे, धुतले नीट गेलेले नाही, किंवा जास्त तापवल्याने काळे कॉपर ऑक्साइड झाले आहे. १.७१ च्या आसपास तो येत नाही, कारण फेरिक आयन धातुरूप तांब्याशेजारी टिकत नाहीत. ते तांब्यालाच विरघळवून स्वतः फेरस होतात. फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने सर्किट बोर्डावरचे नको असलेले तांबे विरघळवून काढतात ते याच जोरावर. ‘तांबे लोखंडाच्या क्षाराशी अभिक्रिया करत नाही’ हे वाक्य म्हणून फेरस क्षारापुरतेच खरे.

उष्णतेवरून क्रम

थर्मोकोलच्या कपात ०.२ मोलर मोरचुदाचे ५० मिलिलिटर द्रावण घ्या. दोन मिनिटे दर ३० सेकंदांनी तापमान नोंदवा, मग १ ग्रॅम जस्ताची पूड टाकून ढवळत नोंदी सुरू ठेवा. एक मोल तांब्यामागे सुमारे २१७ किलोज्यूल उष्णता निघते, त्यामुळे आदर्श वाढ साधारण १०.४ अंश. हाती येणारी वाढ त्याहून अंश-दोन अंश कमी भरते. आलेखावर उतरती रेघ मागे वाढवून पूड टाकल्याच्या क्षणाचे तापमान काढले, तर ही तूट बरीच भरून निघते. बारीक लोखंडाने हीच वाढ ७ अंशांच्या आसपास अपेक्षित आहे, पण अभिक्रिया रेंगाळली तर कपातून उष्णता निसटते आणि आकडा फसवतो.

शेवटी आवराआवर

तांब्याचे क्षार जलचरांना घातक असतात, त्यामुळे निळे द्रावण मोरीत ओतायचे नाही. उरलेले सगळे एका बीकरमध्ये जमा करून त्यात घासलेले लोखंडी खिळे रात्रभर ठेवा. निळा रंग गेला की गाळून तांबे वेगळे करा. चांदीचे द्रावण यात न मिसळता वेगळे ठेवा आणि त्यात तांब्याची पट्टी सोडून चांदी परत मिळवा. मिठाचा एक खडा टाकून पांढरा गाळ आला, तर चांदी अजून शिल्लक आहे. जस्ताच्या पुडीचा उरलेला चिखल वाळवून कचऱ्यात टाकू नका. तांब्याला चिकटलेले बारीक जस्त ओलसर अवस्थेत हायड्रोजन सोडते आणि वाळताना तापू शकते. तो पाण्याखाली, झाकण सैल ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात साठवा आणि प्रयोगशाळेच्या धातूंच्या कचऱ्यात द्या.